हार घालून झाला, आता वही उघडा

तेराव्याला शोकसभा झाली. शाळेच्या मैदानात मांडव, पुढे टेबलावर सरांचा मोठा फोटो, आणि फोटोला झेंडूचे इतके हार की सरांचा फक्त चष्मा दिसत होता. चौदा जण बोलले. मी मोजत होतो, कारण माझ्या खिशात किराणा दुकानदाराची थकलेली यादी होती आणि सभा उठल्याशिवाय ती कुणापुढे काढता येत नव्हती. चौदातले तेरा जण म्हणाले, सरांचं कार्य आपण पुढे नेऊ. एकाने तर फाट्यावर सरांच्या नावाची कमान जाहीर केली. शोकसभा असूनही टाळ्या पडल्या. चौदावा बोलला तो आमच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा नवरा. माईक हातात न घेताच म्हणाला, “दसरा झाला की गाड्या निघत्याल. पोरं कुठं ठिवायची तेवढं सांगा.” त्याला टाळ्या पडल्या नाहीत.

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं आमचं गाव. इथल्या घरांचं वर्ष पाडव्याला सुरू होत नाही, दसऱ्याला होतं. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला नवराबायकोची जोडी, म्हणजे मुकादमाच्या हिशेबातला एक कोयता, ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून साखर कारखान्याकडे निघते. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. परत येतात ते होळी-पाडव्याच्या आगेमागे. घरी सांभाळणारं कुणी असेल तर पोरं मागे राहतात. नसेल तर तीही फडावर जातात, कोपीत राहतात, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन वाढं गोळा करतात आणि त्यांची शाळा तिथेच सुटते. सरांनी या पोरांसाठी वसतिगृह काढलं. पाच महिने दोन वेळचं जेवण, सकाळी नाष्टा, रात्री अंथरुणात पडायच्या आधी पाढे. सरकारचीही हंगामी वसतिगृहांची योजना आहे आणि ती हवीच. पण सगळी पोरं तीत मावत नाहीत, आणि गाडी काही सरकारी कागदाची वाट बघत थांबत नाही.

सर गेले भाद्रपदात, गणपती बसून उठल्यावर. दसऱ्याला जेमतेम महिना होता.

मी या संस्थेचा मानद खजिनदार. बँकेत अठ्ठावीस वर्षं कॅशियर होतो, निवृत्त झालो त्याच महिन्यात सरांनी हाताला धरून आणलं. लोकांच्या सह्या तपासण्यात ज्याचा जन्म गेला त्याच्या नाकासमोर जे घडलं, ते तुमच्या गावातल्या संस्थेत घडू नये म्हणून हे लिहितोय. तुम्ही संस्थेचे विश्वस्त असा, पगारी कार्यकर्ते असा, वर्षाकाठी हजार रुपये देणारे असा, की नुसतेच त्या वाटेने जाणारे. यातलं काहीतरी तुमच्या वाट्याचं आहेच.

सप्टेंबर म्हणजे ऑडिटचा महिना. एकतीस मार्चला वर्ष संपलं की सहा महिन्यांत हिशेब तपासून व्हायला हवेत. आमच्या सीएंनी फोन केला, आयकराच्या पोर्टलवर ओटीपी पाठवलाय, सांगा. ओटीपी सरांच्या मोबाइलवर गेला होता. मोबाइल त्यांच्या धाकट्या मुलाकडे होता आणि तो सरांचं बोट लावल्याशिवाय उघडत नव्हता. सरांची रक्षा पैठणला गोदावरीत सोडून आम्ही तीन दिवसांपूर्वीच परत आलो होतो.

मग मी टेबलाचा खण उघडला. त्यात चेकबुक होतं आणि चेकबुकात सरांनी सही करून ठेवलेले चार कोरे चेक. सर दौऱ्यावर असले म्हणजे अडायला नको म्हणून ते असे चेक ठेवून जात. आमच्यातलेच एक जण हळूच म्हणाले, “मागची तारीख टाकू. पैसे आपलेच आहेत, पोरांसाठीच आहेत.” खरं सांगतो, दोन मिनिटं मीही त्या चेककडे बघत बसलो. किराणावाल्याची यादी खिशात होती. मग कात्री मागवली, सगळ्यांसमोर चेक कापले आणि तसं इतिवृत्ताच्या वहीत लिहून खाली चौघांच्या सह्या घेतल्या. मेलेल्या माणसाच्या सहीने पैसा काढला की त्याच दिवशी संस्था मेली. पुढे कुणी एक बोट दाखवलं तरी सरांची चाळीस वर्षं त्या एका चेकपायी पाण्यात.

चूक कुणाची? माझी. खात्यावरचा नियम होता, सर आणि दुसरा कुणीही एक. म्हणजे सर हवेतच. मी बँकेतला माणूस, मला पहिल्याच दिवशी हे खटकायला हवं होतं. खटकलंही होतं, पण सरांना कसं म्हणायचं, तुम्ही नसाल तेव्हाचं काय? आपल्याकडे जिवंत माणसासमोर त्याच्या मरणाचं बोलणं म्हणजे त्याचं वाईट चिंतणं. मी संकोच केला आणि त्याची किंमत पोरांच्या ताटातून जायची वेळ आली. तुमच्या संस्थेच्या खात्यावर तीन सह्या नोंदवा आणि तिघांपैकी कोणत्याही दोघांची चालेल असं लिहून घ्या. एका ठरावाचं नि एका फेरीचं काम आहे. या आठवड्यात करा.

सह्या बदलायला बँकेत गेलो तर तिथल्या साहेबांनी धर्मादाय कार्यालयाने नवे विश्वस्त मान्य केल्याचा कागद मागितला. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या राज्यात सार्वजनिक न्यासाचा विश्वस्त वारला, त्याने राजीनामा दिला किंवा नवा आला, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. मृत्यूचा दाखला, सभेची नोटीस, ठराव, नव्या माणसाचं संमतिपत्र, प्रतिज्ञापत्र असा जुडगा जोडून तो सहायक किंवा उपधर्मादाय आयुक्तांकडे जातो. आम्ही जुडगा घेऊन वकिलाकडे गेलो. त्यांनी परिशिष्ट एकचा उतारा मागवला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “यात सात नावं आहेत. हे दोघे कोण?” त्यातले एक अकरा वर्षांपूर्वी वारले होते, दुसरे मुलीकडे नाशिकला गेले ते परत कधी आलेच नाहीत. दोघांचाही बदल कुणी कळवला नव्हता. म्हणजे एक चेंज रिपोर्ट द्यायला गेलो आणि तीन द्यावे लागले, वर उशिराच्या माफीचा अर्ज.

ही रड एकट्या आमची नाही. त्या कार्यालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसा, शेजारचा माणूसही हेच सांगेल. तालीम, वाचनालय, देवस्थान, शिक्षण मंडळ. कागदावर स्वर्गवासी विश्वस्तांचं राज्य. कोरम भरतो तो यमाच्या दरबारात. तुमच्या गावच्या संस्थेचा परिशिष्ट एकचा उतारा काढा आणि त्यातली किती माणसं हयात आहेत ते एकदा मोजा.

खातं अडलेलं असताना वसतिगृह चाललं ते एका दुकानदाराच्या उधारीवर. त्याची यादी माझ्या खिशात होती हे वर सांगितलंच. मी ती घेऊन त्याच्याकडे गेलो, म्हटलं, मागचं थकलंय आणि पुढचं हवंय, नि पैसे कधी मिळतील ते सांगता येत नाही. त्याने यादी घेतली, तिच्याच खाली रेघ मारली आणि लिहायला लागला. तूरडाळ, तांदूळ, गोडेतेल, पोहे. “सरांच्या नावावर की संस्थेच्या?” त्याने विचारलं. मी म्हटलं, संस्थेच्या. त्याने सरांचं नाव खोडून संस्थेचं लिहिलं. संस्था सरांच्या मागे उरली, असं मला वाटलं ते त्या क्षणी. शोकसभेत नव्हे.

आता जमिनीचं. वसतिगृह ज्या दीड एकरावर उभं आहे तिचा सातबारा सरांच्या नावावर. जमीन संस्थेचीच असं सगळे समजत होतो, सरही समजत होते. कुंपण संस्थेचं, बोअर देणगीतला, इमारत देणगीतली; आणि खालची माती वारसांची. वारस नोंदीचं तलाठ्याकडून कळलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. सरांचा थोरला मुलगा पुण्यात, धाकटा इथे. दोघांनी एकत्र बसून सांगितलं की आम्हाला यातलं काही नको. त्यांना दंडवत. पण त्यांची नियत चांगली निघाली म्हणून आम्ही वाचलो, आमच्या शहाणपणामुळे नाही. आणि नियत चांगली असूनही शेतजमीन संस्थेच्या नावावर करणं म्हणजे नुसतं बक्षीसपत्र लिहून भागत नाही. महसूल खात्याची परवानगी, मुद्रांक, मोजणी असं लचांड मागे लागतं. अजूनही ते निस्तरतोय.

संस्थापकाच्या घरच्यांशी इथे थोडं बोलायचंय. तुमच्या घरातला माणूस उभा जन्म गावाला वाटला गेला. तुमच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. त्याचा राग असेल तर तो खोटा नाही. पण त्याच्या पश्चात संस्थेचे कागद, शिक्के, किल्ल्या घरात असतील तर दिवसपाणी झाले की ते यादी करून परत द्या, आणि यादीवर दोन्हीकडच्या सह्या घ्या. आणि तुमच्या मनात नसेल तर लोकांनी कितीही गळ घातली तरी अध्यक्ष होऊ नका. आपल्या लोकांना गादी आणि वारस याशिवाय दुसरं काही सुचत नाही. मुलाने हे काम हौसेने केलं तर सोन्याहून पिवळं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेलं आरोग्याचं काम त्यांच्या मुलांनी पुढे चालवलं. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. पण जामखेड तगलं त्याचं श्रेय नुसतं वारसांना देऊ नका. आरोळे दाम्पत्याने पहिल्यापासून औषधाची पेटी गावोगावच्या बायकांच्या हाती दिली होती. गावानेच निवडलेल्या, बहुतेक शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायका. त्यांना बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, क्षय ओळखायला नि हाताळायला शिकवलं. डॉक्टर गेले तरी ती विद्या गावात राहिली. ती कुणाच्या वारसाहक्कात येत नव्हती.

जे संस्थापक अजून हिंडते-फिरते आहेत त्यांनी हे वाचताना मान डोलावून पान उलटू नये. अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला १८९६ मध्ये. बारा वर्षांत, १९०८ साली, त्यांनी निष्काम कर्ममठ काढला, तो आश्रमाचं काम वाहून घेणारी माणसं तयार व्हावीत म्हणून. अण्णा गेले १९६२ मध्ये, एकशेचार वर्षांचे होऊन. म्हणजे आपल्या मागे कोण याची सोय त्यांनी मरणाच्या चौपन्न वर्षं आधी सुरू केली! गोखल्यांना एवढं आयुष्य मिळालं नाही. १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला आणि दहा वर्षांत, १९१५ मध्ये, पन्नाशीच्या आतच गेले. पण समाजाचे सदस्य शपथ घेऊन आधीच कामाला लागलेले होते, श्रीनिवास शास्त्रींनी धुरा घेतली. कोसबाडच्या ताराबाई मोडकांचं तर माझ्या मते सगळ्यांत शिकण्यासारखं. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं तेव्हापासून अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, म्हणजे अनुताईंना बरोबर राहून अठ्ठावीस वर्षं मिळाली. आदिवासी पाड्यांवरची ती पोरं ताराबाईंनंतर पोरकी झाली नाहीत. अनुताई पुढे १९९२ पर्यंत होत्या.

आमच्या सरांनी असं केलं नाही. सर थोर होते, मी त्यांच्या पायाशी बसलोय. पण चेकवर सही तेच करत, पत्र तेच लिहीत, देणगीदाराला फोन तेच करत आणि कुठल्या पोराच्या बापाने किती उचल घेतली ते त्यांच्याच डोक्यात. कुणी म्हटलं, सर, ताईंना बरोबर न्या पुण्याला, देणगीदारांशी ओळख होईल. तर म्हणत, तिला कशाला त्रास. त्यांना ते मायेचं वाटे. त्या मायेने ताई वीस वर्षं देणगीदारांना अनोळखी राहिल्या.

या ताईच आता संस्था चालवतात. बालवाडीच्या सेविका म्हणून आल्या, मग बचतगटांचं बघितलं, मग वसतिगृहाचं. त्यांना भाषण येत नाही. पहिल्या वर्षी एक मोठे देणगीदार आले होते. सरांच्या काळात दरवर्षी भरघोस द्यायचे. ताईंनी त्यांना कोठीघर दाखवलं, संडास दाखवले, पोरांच्या वह्या दाखवल्या, आणि बोलायची वेळ आली तेव्हा हातातल्या रजिस्टरकडे बघत गप्प राहिल्या. गाडीत बसताना ते गृहस्थ मला म्हणाले, “सरांसारखी झेप नाही हो दिसत.” त्या वर्षी त्यांची देणगी आली नाही. त्याच ताईंना ठाऊक असतं की कुठल्या पोराची आजी आंधळी आहे म्हणून त्याला शनिवारी घरी सोडायचं नाही, कुठली पोरगी रात्री अंथरूण ओलं करते म्हणून तिची गोधडी भिंतीकडे घालायची. झेप म्हणजे काय, ते मला त्या गृहस्थांना विचारायचं होतं. विचारलं नाही, देणगीदार होते.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि गावाला एक हात जोडून सांगणं आहे. “सर असते तर” हे वाक्य वर्षभर तोंडातून काढू नका. भाजीत मीठ कमी पडलं तरी सर असते तर, सहल रद्द झाली तरी सर असते तर. सर होते तेव्हाही मीठ कमी पडायचं. नव्या माणसाला चुकायची मुभा द्या. सरांनाही पहिली दहा वर्षं कुणीतरी ती दिलीच होती.

आणि या काळात एक प्रकारचा पाहुणा हमखास येतो, त्याच्यापासून जपा. खादीचा कडक शर्ट, दोन गाड्या, बरोबर चारपाच जण. म्हणतो, सरांचं काम थांबता कामा नये, मला अध्यक्ष करा, निधीचं मी बघतो. आमच्याकडेही एक आले होते. दोन-तीन विश्वस्तांचं मन डळमळलं, कारण पैसा खरोखरच नव्हता. ताई चहा घेऊन आल्या आणि साधेपणाने म्हणाल्या, “दादा, अध्यक्ष व्हायच्या आधी एक महिना इथं ऱ्हावा. पोरांबरुबर जेवा.” दादा परत आले नाहीत. ताईंना भाषण येत नाही, हे मी वर लिहिलंय; ते खोडावं का, असं वाटतंय.

पैशाचं राहिलं. ज्यांच्याकडून मागायचंय त्यांना हिशेब दाखवूनच मागितलं पाहिजे. समजा चाळीस पोरं आहेत. नाष्टा आणि दोन वेळचं जेवण मिळून पोरामागे दिवसाला पन्नास रुपये धरा. आजच्या भावात हे काही श्रीमंती जेवण नव्हे. दिवसाचे दोन हजार, महिन्याचे साठ हजार, पाच महिन्यांच्या हंगामाचे तीन लाख. ऐकायला मोठा आकडा. पण शंभर माणसांनी महिन्याला अडीचशे रुपये दिले तर वर्षाला बरोबर तीन लाख होतात. अडीचशे रुपये म्हणजे शहरात दोघांनी बाहेर एकदा नाष्टा केला तर होणारं बिल. तीन लाख देणारा एक माणूस शोधू नका. तो गेला, रुसला, त्याच्या कंपनीचं धोरण बदललं की पोरं उपाशी. शंभरातले पाच गळाले तर पंच्याण्णव उरतात. आम्ही हे सर गेल्यावर शिकलो. सरांच्या शब्दावर देणारी मोठी माणसं चार होती, त्यातली एक उरली.

देणगीदारांची एक खोड सांगतो, रागावू नका. तुम्हाला दिसणारी वस्तू द्यायची असते. दप्तरं, स्वेटर, पाण्याचा फिल्टर. वर नाव घालता येईल असं काहीतरी. आमच्या कोठीत तीन फिल्टर आहेत. मावशींचा पगार द्यायला मात्र कुणी तयार नसतं, त्याला म्हणतात प्रशासकीय खर्च. पहाटे साडेचारला उठून चाळीस जणांच्या भाकरी थापणं हा प्रशासकीय खर्च! पगाराला द्या, विजेच्या बिलाला द्या, ऑडिटच्या फीला द्या, आणि “तुम्हाला लागेल तिथे वापरा” असं लिहून द्या. पावती मागून घ्या. प्राप्तिकराची ८०जीची सवलत हवी असेल तर दोन हजारांपेक्षा जास्त रक्कम रोखीने देऊ नका, ती सवलतीत धरत नाहीत. आणि तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर ही सवलत नाहीच, तरीही द्या. वर्षाच्या शेवटी हिशेब मागा. मागितलाच पाहिजे. जो हिशेब मागत नाही तो देणगीदार मला जरा धोक्याचाच वाटतो, कारण त्याने माणसावर विश्वास ठेवलेला असतो, आणि माणूस गेला की त्याचं देणंही जातं.

गावाने काय द्यायचं? गाव गरीब आहे, हे मलाही कळतं. पण कर्मवीर भाऊरावांनी रयतेची वसतिगृहं घराघरातून मिळालेल्या मूठमूठ धान्यावर चालवली, आणि तेव्हाचं गाव आजच्यापेक्षा श्रीमंत नव्हतं. आमच्याकडे मागच्या वर्षीपासून ज्यांच्या घरी सुगी झाली त्यांनी एक पायली ज्वारी आणायची असं ठरलं. पहिली पायली आणली ती एका आजीने, जिचा नातू वसतिगृहात होता. तिला नको म्हटलं तर चिडली. म्हणाली, “फुकाटचं खाऊन पोरगं शिकंल व्हय?” आम्ही ज्वारी मापून घेतली आणि पावती दिली. पावती तिने पदराच्या गाठीत बांधली.

काही गोष्टी आम्ही बंद केल्या, तेही सांगायला हवं. सरांचं त्रैमासिक बंद केलं. ते सरच लिहायचे, सरच वाचायचे, असं त्यांच्या हयातीतही लोक म्हणत. वार्षिक पुरस्कार सोहळा बंद केला. जीप विकली, तिचा डिझेलचा नि दुरुस्तीचा खर्च मावशींच्या पगारापेक्षा जास्त होता. जीप विकताना काही जुने कार्यकर्ते रडले, कारण दुष्काळात सर त्याच जीपमधून टँकरच्या मागे फिरले होते. मलाही वाईट वाटलं. पण सरांनी केलं तेवढं सगळं चालवायला गेलो असतो तर काहीच चाललं नसतं. शिवणवर्ग मात्र ताईंनी हट्टाने चालू ठेवला, आणि त्यातल्या बायका आता शाळेचे गणवेश शिवून स्वतःच्या वर्गाचं भाडं काढतात. एक सांभाळा, इमारत किंवा जमीन अशी भावनेच्या किंवा अडचणीच्या भरात विकायला जाऊ नका. न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावरही देता येत नाही.

कमानीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. पाया खणला, दोन ट्रॉल्या खडी पडली, आणि जाहीर करणारे गृहस्थ निवडणुकीत गुंतले. खडी दोन पावसाळे तिथेच होती. शेवटी ताईंनी ग्रामपंचायतीला विचारून ती उचलली आणि वसतिगृहाच्या दारातला चिखल होता तिथे टाकली.

यंदा दसरा पुन्हा तोंडावर आलाय. गावात मुकादम फिरायला लागलेत, टोळ्या ठरायला लागल्यात. वसतिगृहाच्या यादीत आज सदतीस नावं आहेत, गाड्या निघायच्या रात्री ती पंचेचाळीस होतात असा अनुभव आहे. कुणीतरी ट्रॉलीत चढता चढता मन बदलतं आणि पोराला उतरवून देतं. दरवर्षी होतं हे. त्या आठ ताटांची सोय यादीत नसते. तुमच्या भागातही अशी एखादी संस्था असेल, जिचे सर, ताई, अण्णा गेल्या दोन-चार वर्षांत गेले असतील आणि फोटोवरचा हार वाळला असेल. दिवाळीच्या आधी एक दिवस तिथे जा. सत्काराला नको, कामाच्या दिवशी, सकाळी. वही मागून बघा. बँकेत सह्या कुणाच्या आहेत विचारा. त्यांना फॉर्म भरता येत नसतील आणि तुम्हाला येत असतील तर दोन तास बसा. धर्मादाय कार्यालयाचा एक अर्ज भरून देणं ही आमच्यासारख्यांना हजार रुपयांच्या देणगीपेक्षा मोठी मदत असते. महिन्याचे अडीचशे ठरवलेत तर बँकेला लिहूनच देऊन टाका, म्हणजे दर महिन्याला आठवण ठेवायला नको, आणि आम्हाला फोन करायला नको.

आणि आमच्याकडे ज्वारी घेऊन येणार असाल तर निवडून, चाळून आणा. मावशींची दृष्टी आताशा अधू झालीये, खडा राहून जातो.